अंगठा थोडा बाजूला: चित्रप्रदर्शनांच्या निवड समित्यांना खुलं पत्र

प्रति,
चित्रप्रदर्शनांच्या निवड समित्यांवर बसणारे चित्रकार, शिक्षक, समीक्षक आणि संयोजक यांस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र एकाच समितीला लिहायला बसलो होतो. दोन ओळी झाल्या आणि लक्षात आलं, की तशा समितीत मीही पाच-सहा वेळा बसलेलो आहे. तेच लांब टेबल, तीच घाई, पडद्यावर चित्र येतं न येतं तोच ‘पुढचं’ म्हणणारा तोच आवाज. बऱ्याचदा तो आवाज माझाच असायचा. म्हणून पत्ता मोठा केला. पत्र मलाही लागू आहे, असं समजून वाचा.

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं एका प्रदर्शनासाठी चारकोलचं चित्र पाठवलं होतं. दीड फूट बाय एक फूट. एका बाईचा हात एका मुलाच्या तोंडावर दाबलेला आहे. बाईचा चेहरा कागदाच्या वर राहिलाय, तो दिसतच नाही. दार नाही, दारातली सावली नाही, शस्त्र नाही. हात मात्र नीट बघावा असा आहे. चार बोटं गालात इतकी रुतली आहेत की त्यांच्या कडेनं गालाचं मांस वर आलंय. अंगठा मात्र नाकपुडीपासून थोडा बाजूला घेतलाय, जेमतेम अर्धा सेंटीमीटर. आवाज बाहेर जाऊ नये, पण श्वास आत यावा. मुलाची नाकपुडी फुगली आहे. त्याचे डोळे चित्राच्या डाव्या कडेला लागलेत, आणि बाईच्या मनगटाच्या वळणावरून कळतं, की तीही तिकडेच वळून ऐकते आहे.

समितीचा शेरा दोन ओळींचा होता. ‘विषय पुरेसा स्पष्ट होत नाही’ ही पहिली ओळ. ‘मुलांना घेऊन येणाऱ्या प्रेक्षकांना हे बघवणार नाही’ ही दुसरी. या दोन ओळी एकाच माणसानं लिहिल्या की दोघांनी, कोण जाणे. जे स्पष्टच होत नाही ते बघवणार कसं नाही, हा प्रश्न तिनं मला विचारला. मी हसलो. नंतर हसू ओसरलं, कारण समितीला नेमकं काय झालं असावं ते मला कळत होतं. चित्र पोहोचलं होतं. कुठून पोहोचलं ते सापडत नव्हतं.

प्रदर्शन बघायला आम्ही दोघं गेलो. प्रवेशाच्या दालनातच आठ फुटांचा कॅनव्हास होता: लाल, त्यावर आणखी लाल, तुटलेली धडं, एक उघडी बरगडी. त्याच्यापुढे लोक फोटो काढून घेत होते. मुलंही होती. एक मुलगा त्या लाल रंगात लपलेले पाय मोजत होता, आणि त्याचे वडील त्याला मदत करत होते. कुणालाही काही झालेलं नव्हतं. त्या चित्रकारावर माझा राग नाही. रंग दाट लावायला हात लागतो, आणि तो त्याच्याकडे आहे. माझं म्हणणं तुमच्याशी आहे. तुम्ही भयानक आणि बीभत्स एकाच टोपलीत टाकता. टोपली भरली की वरचं लाल तेवढं उचलता, आणि खालचं काळं परत पाठवता.

हे शब्द मी वाटेल तसे वापरत नाहीये. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरतानं रसांना रंग आणि देवता वाटून दिल्या आहेत. रौद्राचा रंग लाल, देवता रुद्र. बीभत्साचा निळा, देवता महाकाल. भयानकाचा रंग काळा, देवता काल. हे रंग कॅनव्हासवर चोपडायला सांगितलेले नाहीत, ठाऊक आहे. पण वाटणी बघा. मारणाऱ्याचा आवेश लाल. फाटलेलं शरीर बघून येणारी शिसारी निळी. आणि ज्याची पाळी अजून यायची आहे त्याच्यासाठी काळा. ती देवतासुद्धा काळ, म्हणजे अजून न आलेली वेळ. भयानकाच्या अभिनयात भरत जे सांगतो ते सगळं भ्यालेल्याच्या देहात घडतं: हातपाय कापणं, नजर न ठरणं, अंगावर काटा, चेहऱ्याचा उडालेला रंग, बदललेला आवाज. त्या यादीत जखम नाही. आणि मरण, युद्ध, नगराला पडलेला वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकातून, म्हणजे दोन अंकांमधल्या छोट्या प्रवेशातून, कळवाव्यात, असंही तोच सांगतो. ग्रीक शोकनाट्यातही मारणं बहुधा आत होतं आणि बातमी बाहेर येते. दोन्हीकडच्या लोकांना रक्ताचं वावडं होतं असं मानायचं कारण नाही. मेलेला माणूस भीत नाही, एवढी साधी गोष्ट त्यांना ठाऊक होती.

आपल्या बोलीलाही ती ठाऊक आहे. घशाला कोरड पडते, बोबडी वळते, दातखिळी बसते, पायांतलं बळ जातं, पोटात गोळा येतो, जीव मुठीत धरावा लागतो. चित्रकारानं ही यादी भिंतीवर लिहून ठेवावी. प्रत्येक शब्द देहाच्या एकेका जागेवर बोट ठेवतो, आणि त्यात रक्त आलंच तर ते गोठतं, सांडत नाही.

हिंसक मरणाच्या भीतीचं मला माहीत असलेलं सगळ्यात नेमकं चित्र एका हरणाचं आहे, आणि ते शब्दांत आहे. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंताचा रथ हरणामागे लागलाय. हरीण मान वळवून पुन्हा पुन्हा रथाकडे बघतं. बाण लागेल या भीतीनं (‘शरपतनभयात्’ हा कालिदासाचाच शब्द) त्याचं मागचं अंग पुढच्या अंगात शिरू पाहतंय. दमून उघड्या पडलेल्या तोंडातून अर्धवट चावलेला दर्भ वाटेवर सांडतोय. एवढंच. बाण सुटत नाही, तपस्वी मध्ये येतात, हरीण वाचतं. पण तो अर्धा चावलेला घास! क्षणापूर्वी हे जनावर चरत होतं. चावणं अर्ध्यात सुटलं ते पुन्हा सुरू करायला सवड मिळालेली नाही. आठ फुटांच्या लाल कॅनव्हासला जे जमलेलं नव्हतं ते गवताच्या चार काड्यांना जमलंय.

सुमारे हजार वर्षांपूर्वी अभिनवगुप्तानं नाट्यशास्त्रावर टीका लिहिताना भयानकासाठी हेच हरीण घेतलं. त्याचं म्हणणं माझ्या शब्दांत असं: हा श्लोक ऐकताना ‘मी भ्यालो’ असं होत नाही, ‘तो भ्याला’ असंही होत नाही. शत्रू, मित्र, तिऱ्हाईत हे धागे सुटतात, स्थळकाळ सुटतो, आणि नुसतं भय डोळ्यांपुढे नाचू लागतं. आता एक गोष्ट जास्तीची बघा. हे वर्णन करतोय कोण? शिकारी. हातात धनुष्य घेतलेला राजाच सारथ्याला सांगतोय, बघ कसं मोहक मान वळवतंय. नजर मारणाऱ्याची आहे, आणि तरी ऐकणारा हरणाच्या पायांनी पळतो. हे अंतर कापून आणणं म्हणजे कला, असं मी वर्गात सांगत असे. वर्गात अशी वाक्यं खपून जातात. पण हा प्रश्न खराच आहे, आणि तुमच्या टेबलावर तो रोज यायला हवा: हे चित्र मला कुणाच्या शेजारी उभं करतंय?

समित्यांपुढे तो येतो, आणि कधी कधी समित्या चुकतात, त्याचा एक जुना दाखला आहे. १४०१ मध्ये फ्लॉरेन्सच्या बाप्तिस्मागृहाच्या ब्राँझच्या दरवाजांसाठी स्पर्धा ठेवली गेली. सगळ्यांना विषय एकच: बायबलमधला अब्राहाम आपल्या मुलाचा, इसहाकचा, बळी द्यायला निघालाय आणि देवदूत ऐनवेळी त्याला थांबवतो. म्हणजे एखाद्या निवड समितीनं स्पर्धकांना सुरीखालची मान करायला सांगावी, तसंच झालं. सात जण उतरले. दोघांचे नमुने आज फ्लॉरेन्सच्या बार्जेल्लो संग्रहालयात आहेत, एक गिबेर्तीचा, दुसरा ब्रुनेलेस्कीचा. गिबेर्तीचा इसहाक म्हणजे सुरेख घडवलेलं तरुण शरीर, छाती उघडी, मान वर, आणि सुरी अजून दूर. ब्रुनेलेस्कीच्या अब्राहामनं मुलाचा जबडा खालून पकडून मान पिळली आहे, पातं गळ्याला भिडलंय, आणि देवदूताला त्याचं मनगट धरावं लागलंय. खाली एक नोकर पायातला काटा काढत बसलाय, वर काय चाललंय याचा त्याला पत्ताच नाही.

समितीनं गिबेर्तीला निवडलं. त्याचं ओतकाम सरस होतं, जवळजवळ एकसंध. ब्राँझही सुमारे सात किलो कमी लागलं होतं. मी त्या समितीत असतो तर कदाचित मीही तिकडेच हात वर केला असता. पण मान्य करू या, की त्या दिवशी भ्यालेला मुलगा हरला आणि देखणा मुलगा जिंकला.

त्याच मुलाला दोनशे वर्षांनी इटालियन चित्रकार कॅराव्हाज्जिओनं पुन्हा झोपवला. फ्लॉरेन्सच्याच उफित्सी संग्रहालयात असलेलं ते चित्र १६०३च्या आसपासचं. अब्राहामनं त्याचं डोकं दगडावर दाबलंय, अंगठा गालात रुतलाय, मुलाचं तोंड किंचाळीत उघडं आहे आणि एक डोळा आपल्याकडे लागलाय. देवदूत आला आहे, बोलतो आहे, वाचवणारं मेंढरू शेजारीच आहे. कथा सुटली आहे. पोरगा सुटलेला नाही. देवाची इच्छा वगैरे त्याच्या अंगापर्यंत अजून पोहोचलेलीच नाही. (कॅराव्हाज्जिओला पुढे हे स्वतःलाही भोगावं लागलं. १६०६ मध्ये त्याच्या हातून रोममध्ये एक माणूस मारला गेला, आणि उरलेली चार वर्षं त्यानं डोक्यावर मृत्यूची शिक्षा घेऊन पळण्यात काढली. शेवटच्या काळात बायबलमधल्या गोलियाथचं तुटलेलं मुंडकं रंगवलं, त्याला चेहरा दिला तो स्वतःचा.)

माझ्या विद्यार्थिनीनं हे चित्र पाहिलं होतं. तिनं तो अंगठा उचलला आणि उलटा वापरला. तिथे अंगठा रुततो, इथे तो बाजूला होतो. हे तिनं मला सांगितलेलं नाही, मला ते उशिरा दिसलं. समितीला तीन सेकंदांत दिसावं असा माझा आग्रह नाही. तीन सेकंदांच्या ऐवजी तीस द्या, एवढाच आहे.

स्पॅनिश चित्रकार गोयाबद्दल लिहिल्याशिवाय या विषयावर पुढे जाता येत नाही. ‘३ मे १८०८’ हे त्याचं चित्र १८१४चं, माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. उंची पावणेतीन मीटरच्या आत-बाहेर, रुंदी साडेतीनच्या. फ्रेंच सैनिक पाठमोरे, एका रांगेत, एकाचाही चेहरा नाही. समोर पांढऱ्या सदऱ्यातला, हात फैलावून गुडघ्यांवर बसलेला माणूस. तो उभा राहिला तर सैनिकांपेक्षा उंच भरेल. लोक तिथेच थांबतात. बघणाऱ्याच्या बाजूनं त्याच्या उजवीकडे, म्हणजे सैनिकांच्या बंदुकांच्या मागून, पुढच्या खेपेला मरणाऱ्यांची रांग डोंगर चढून येते आहे. त्यातला एक जण दोन्ही हातांनी तोंड झाकून चाललाय. पांढरा सदरा इतिहासाला लागतो. तोंड झाकून चालणारा भीतीला लागतो: त्याला बघायचं नाही, आणि पाय तर पुढेच टाकायचे आहेत.

आणि तुमच्या शेऱ्यावर गोयानं दोनशे वर्षांपूर्वीच उत्तर लिहून ठेवलंय. युद्धाच्या भीषणतेवर त्यानं १८१० ते १८२० या दशकात ताम्रपट कोरले. ते त्याच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाहीत. १८२८ मध्ये तो गेला आणि छापे बाहेर आले १८६३ मध्ये. त्यातल्या सव्विसाव्या पटाखाली त्यानं लिहिलेल्या ओळीचं मराठी अगदी सहज होतं: ‘बघवत नाही’. अंधाऱ्या कपारीत माणसं कोंडली आहेत, एक जण हात जोडून गुडघ्यांवर आहे, बायका अंग टाकून देताहेत. उजव्या कडेनं आत येतात ती फक्त संगिनींची टोकं. सैनिक नाहीत, बंदुका नाहीत, नुसती टोकं. ‘बघवत नाही’ असं लिहून त्यानं पट तसाच आपल्या हातात दिला. ‘बघवत नाही’ हे त्या चित्राचं नावच आहे, आणि तुम्ही तेच माझ्या विद्यार्थिनीचं चित्र नाकारण्याचं कारण म्हणून लिहिलंत.

थोडं स्वतःविषयी. तरुणपणी एकदा माझ्या गळ्याला सुरा लागला होता. दोन-तीन मिनिटांचा प्रकार. माणूस निघून गेला, मला खरचटलंही नाही. त्यानंतर कित्येक वर्षं मी पातं काढत राहिलो. पाती मला उत्तम जमतात, अजूनही जमतात. चकाकी, धार, मुठीजवळचा गंज. एकाही पात्याकडे बघून मला काही झालं नाही. मग एक दिवस, दुसरंच काही काढताना, एका सदऱ्याची बाही काढली आणि तिच्या काठाला उसवलेला दोरा काढला. हात थरथरायला लागला. त्या माणसाच्या बाहीचा काठ उसवलेला होता, आणि ती दोन-तीन मिनिटं मी त्या दोऱ्याकडे बघत होतो. साक्षीदारांवरच्या अभ्यासांत दिसतं, की शस्त्र समोर आलं की नजर त्याच्यावर खिळते आणि चेहरा लक्षात राहत नाही. माझं त्याहून जरा वेगळं झालं, पातंही गेलं आणि दोरा उरला. ज्याचं त्याचं काहीतरी असं असणार. भीती भलत्याच गोष्टीला चिकटून बसते, आणि चित्रकाराचं काम ती भलती गोष्ट शोधायचं आहे. त्या बाईनं अंगठा बाजूला घेतला तो असाच.

चित्रकार तैयब मेहतांचं उदाहरण माझ्यासाठी इथेच येतं. १९४७च्या दंगलीत, मुंबईत, राहत्या घराच्या खिडकीतून त्यांनी जमावाला एका तरुणाला ठेचून मारताना पाहिलं. त्यांना ताप भरला, आणि ते दृश्य आयुष्यभर सुटलं नाही, असं त्यांनीच सांगून ठेवलंय. आता त्यांची चित्रं आठवा. जमाव कुठे आहे? दगड कुठे आहेत? आहे तो पाय बांधलेला बैल, आहे ती पडणारी आकृती, सपाट रंगाच्या दोन पट्ट्यांत अडकलेली, जमिनीला कधीच न लागणारी. १९७० मध्ये त्यांनी ‘कूडल’ नावाचा लघुपट केला तेव्हा वांद्र्याच्या कत्तलखान्यात चित्रण केलं. खिडकीतून जे पाहिलं ते थेट काढून ते मोकळे होऊ शकले असते, निदान बाजाराला तरी ते पटकन कळलं असतं. त्यांनी एका ताकदवान जनावराचा तोल काढून घेतला आणि ते पडायच्या आत थांबले.

थांबण्याबद्दल जर्मन लेखक लेसिंगनं १७६६ मध्ये लिहिलेलं पुष्कळांनी वाचलं असेल. चित्रकाराला एकच क्षण मिळतो, तो टोकाचा घेऊ नये, कारण टोकापुढे प्रेक्षकाच्या कल्पनेला जायला जागा उरत नाही. मला ते नियम म्हणून पटत नाही. कॅराव्हाज्जिओ टोकावरच उभा असतो. पण लेसिंगनं दिलेला दाखला मनातून जात नाही. स्वतःची मुलं मारायच्या आधीची, ग्रीक कथेतली मीडिया. लेसिंगच्या दाखल्यातलं चित्र हरवलंय, पण पॉम्पेईच्या एका घरातल्या भिंतीवर अशीच एक मीडिया होती, ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. आई बाजूला उभी, आणि मुलं हाडांच्या फाशांचा खेळ खेळताहेत. त्या चित्रात कुणीच भीत नाही. भितो तो फक्त बघणारा, मुलांच्या वाटची सगळी भीती त्याच्याकडे आलेली असते.

आता तुमची बाजू. ती आहे, आणि मी ती हसण्यावारी नेणार नाही. दालनात येणाऱ्यांत असे लोक असतात ज्यांच्या गळ्याला खरंच सुरा लागलेला असतो. ते माझ्यासारखे सुखरूप सुटलेले असतीलच असं नाही. त्यांना आधी सांगणं हे तुमचं काम आहे, आणि ते नीट करा. ‘काही कलाकृती संवेदनशील प्रेक्षकांना विचलित करू शकतात’ या पाटीनं कुणाचंच भलं होत नाही. कुठली? कशानं? ‘पुढच्या भिंतीवर लपून बसलेल्या आई-मुलाचं चित्र आहे’ असं लिहा. ज्याला नको तो वळेल. ज्याला बघायचंय तो काय बघायला जातोय हे जाणून जाईल.

मात्र झाकू नका. झाकण्यानं काय होतं ते साऱ्या जगानं पाहिलंय. २००३च्या सुरुवातीला संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीत सुरक्षा परिषदेच्या दालनाबाहेर टांगलेल्या, ‘गेर्निका’ या पिकासोच्या बॉम्बहल्ल्यावरच्या चित्राच्या विणीव प्रतीवर निळा पडदा आला, काही दिवसांतच, ५ फेब्रुवारीला, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री तिथे इराकविरुद्धची बाजू मांडणार होते. कॅमेऱ्यांना साधी पार्श्वभूमी हवी होती, असं कारण देण्यात आलं. त्या चित्रात एकही विमान नाही, एकही बॉम्ब नाही. वर बघणारे गळे आहेत. पडदा टाकावा लागला तो त्या गळ्यांवर.

एका ठिकाणी मात्र तुम्ही आजच्यापेक्षा कडक व्हायला हवं, आणि तिथे तुम्ही ढिले असता. छायाचित्रं. कंबोडियात १९७५ ते १९७९ या काळात तुओल स्लेंगच्या तुरुंगात, जी आधी शाळा होती, आणलेल्या कैद्यांचे फोटो काढले जात. डोळ्यांवरची पट्टी सोडायची आणि लगेच फोटो. त्यांतले जवळजवळ सगळे पुढे मारले गेले. १९९७ मध्ये त्यातली काही छायाचित्रं न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात लागली, आणि ती कला म्हणून लावावीत का यावर मोठा वाद झाला. मी त्या वादात आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूचा आहे. ते फोटो जपले पाहिजेत, दाखवलेही पाहिजेत, पण पुरावा म्हणून, कुणी काढले आणि कशासाठी ते शेजारी लिहून. कारण तिथे नजर शिकाऱ्याचीच आहे आणि शिकाऱ्याचीच राहते. ते अंतर कापून आणणारा कालिदास मध्ये नाही. त्या चेहऱ्यांवरचं भय नुसतं ‘प्रभावी पोर्ट्रेट’ म्हणून बघायला लागलो, तर आपण कॅमेऱ्याच्या मागे, तुरुंगाच्या त्या छायाचित्रकाराच्या जागी जाऊन उभे राहतो. म्हणून कुणी खऱ्या माणसाचं खरं भय घेऊन आलं, तर टेबलावर विचारा: याला विचारलं होतं का? विचारता येत नसेल, तर याच्या वतीनं कोण बोलतंय? कोळशानं काढलेल्या अनामिक हाताला हे प्रश्न विचारत बसू नका.

माझं एक कबूल करायचं राहिलं. मी ज्या एका समितीत होतो तिथे असाच एक लाल कॅनव्हास आला होता, आणि त्याला पहिलं बक्षीस देताना मी सगळ्यात आधी हात वर केला होता. ‘धाडसी’ हा शब्दही माझाच, शेऱ्यात लिहिलेला. आज त्या चित्रातला एकही चेहरा मला आठवत नाही. चेहरे होते की नाही तेही आठवत नाही. त्याच दिवशी परत पाठवलेल्यांत काय होतं हे आता कळायला मार्ग नाही, कारण नाकारलेल्या चित्रांची नोंद आम्ही ठेवली नव्हती. तुम्ही ठेवता का? ठेवत नसाल तर ठेवा, आणि शेऱ्याखाली सही करा. दोन ओळी दोन माणसांनी लिहिल्या असतील, तर दोघांनीही करा.

ते चित्र ती यंदा पुन्हा पाठवते आहे, तुमच्यापैकी एकाकडे. कुणाकडे ते मी लिहीत नाही. चित्रात काही बदललेलं नाही. डावी बाजू थोडी मोकळी कर, म्हणजे ती दोघं कुठे बघताहेत ते कळेल, असं मी सुचवलं होतं. तिनं ऐकलं नाही, आणि तिचंच बरोबर आहे. कोळसा झडू नये म्हणून फिक्सेटिव्ह मारलेला आहे, तरी पृष्ठभागाला हात लावू नये. निवडलंत, तर दोन गोष्टी सांभाळा. चित्र लहान आहे, ते मोठ्या कॅनव्हासच्या शेजारी न लावता एकटं लावा. आणि त्याच्यावर झोत सोडू नका. जवळून पडलेल्या तीव्र उजेडात चारकोलचा काळा राखाडी दिसतो, आणि अंगठा आणि नाकपुडी यांच्यामधली ती फट भरून गेल्यासारखी वाटते.

आपला,
चित्रकलेचा एक निवृत्त शिक्षक